कुठल्या टाइमाने?

मुंबईत एकेकाळी ‘किती वाजले?’ एवढ्यावर भागत नसे, ‘कुठल्या टाइमाने?’ हेही विचारावे लागे. जुन्या लग्नपत्रिका काढून पाहा. मुहूर्ताच्या आकड्यापुढे ‘स्टँ. टा.’ किंवा ‘मुं. टा.’ अशी अक्षरे सापडतील. दोहोंत ३९ मिनिटांचा फरक. तेवढ्यात अक्षता पडून पहिली पंगतही बसते!

हे आठवायला कारण माझ्या आजोबांची वही. ते परळच्या एका गिरणीत साळखात्यात होते. पगार, उधारी, घरातले जन्म-मृत्यू, सगळे त्यात टिपलेले. माझा भाचा ती वही संगणकावर उतरवतो आहे. नोंदी तारखेवार लागाव्यात आणि वाचता येतील अशा छापल्या जाव्यात म्हणून त्याने एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. त्यात तारीख-वेळ मांडून देणारे फंक्शन त्याला स्वतःच रचावे लागले. मी बी.ए.वाला, पण त्याच्याशेजारी बसून जे समजले ते सांगतो.

संगणकाला तारीख ठाऊकच नसते. १ जानेवारी १९७० ची मध्यरात्र, तीही ग्रिनिचची, हा त्याचा शून्य. तिथून पुढे तो सेकंद मोजतो, मागच्या काळासाठी उणे आकडा धरतो. त्या आकड्याला ८६,४०० ने भागले की दिवस निघतात. मग महिने, लीप वर्षे, वार, आणि शेवटी आपल्याला वाचता येईल अशी ओळ. ती ओळ कशी हवी ते एका साच्यात सांगायचे. एका भाषेत छोटा एम म्हणजे महिना नि मोठा एम म्हणजे मिनिट, तर दुसरीत नेमके उलटे. जावास्क्रिप्टमध्ये जानेवारी हा शून्यावा महिना. हे ज्याला सुचले त्याच्या घरी भिंतीवर ‘कालनिर्णय’ नसावे.

पण हे झाले व्याकरण. खरा प्रश्न वेगळाच होता. आकड्याची ओळ करताना फंक्शनला विचारावे लागते, घड्याळ कुणाचे? जगभरच्या घड्याळांचा इतिहास संगणकांत एका सामाईक यादीत असतो. त्यात भारतासाठी नाव एकच, कोलकाता. १९७० पासून ज्या गावांची वेळ एकच आहे, त्यांना निराळी नोंद न देण्याचा त्या यादीचा रिवाज. त्यामुळे मुंबईची जुनी वेळ तिथे नाही. भाच्याला ती हाताने लिहावी लागली : ग्रिनिचच्या पुढे ४ तास ५१ मिनिटे.

या ५१ मिनिटांसाठी ही मुंबई भांडली आहे. रेल्वे मद्रासच्या वेळेने धावत होती, मुंबईच्या अर्धा तास पुढे. १८८१ मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांनी तीच वेळ शहराला लावू पाहिली. लोक ऐकेनात. विद्यापीठाने राजाबाई टॉवरवर मुंबईचीच वेळ ठेवायचे ठरवले, तर सरकारने घड्याळाच्या दिवाबत्तीचा खर्च नाकारला. अखेर १८८३ मध्ये सरकारनेच माघार घेतली.

१ जानेवारी १९०६ पासून साडेपाच तासांचा स्टँडर्ड टाइम आला. साहेबाच्या कचेरीत काटा सरकवला की झाले. गिरणगावात मात्र काट्याबरोबर माणूस सरकतो. घड्याळ ३९ मिनिटे पुढे, म्हणजे सूर्याच्या हिशेबाने तेवढे आधी उठून, थंडीच्या अंधारात चाळ सोडायची. त्याच जानेवारीत जेकब सासून मिलचे कामगार या नव्या वेळेविरुद्ध उठले. इतिहासात याला कुणी वेळेवरून झालेली दंगल म्हणतात. मी झोपेवरून झालेली म्हणेन. महापालिकेनेही जुनी वेळ सहजासहजी सोडली नाही. स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे हा दुहेरी कारभार चालला. पारशांच्या काही अग्यारींत मुंबईची वेळ दाखवणारे घड्याळ पुढेही राहिले.

आता वहीतली ती नोंद. माझ्या वडिलांच्या जन्माची. ‘५ नोव्हेंबर १९३८, इतवारची रात, रमजानची १३, हिजरी १३५७, ७ वाजून १० मिनिटे मुं. टा.’ फंक्शनने लाल खूण केली. ५ नोव्हेंबर १९३८ ला शनिवार होता.

“मामू, नानांचा वार चुकलाय,” भाचा म्हणाला. मी म्हटले, “नाही बेटा. गुरुवारला आपण जुमेरात का म्हणतो? ती जुम्म्याची रात्र म्हणून.” हिजरी दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. नोव्हेंबरात मुंबईचा सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. मूल झाले ते स्टँडर्ड टाइमाने ७ वाजून ४९ मिनिटांनी. म्हणजे रमजानची तेरावी लागलेली, इतवारची रात्र सुरू झालेली. शेजारच्या खोलीत कुणी पंचांग उघडले असते तर त्याने त्या दिवसाच्या सूर्योदयाची तिथी सांगितली असती. इंग्रजी तारीख मध्यरात्रीपर्यंत थांबणार होती. दिवस बदलण्याच्या तीन वेळा, त्याही एकाच चाळीत.

भाच्याने फंक्शनला आणखी एक रकाना जोडला : दिवस कधी बदलतो. आता क्षण एकदाच, सेकंदांत साठवला जातो, पण छापताना आजोबांची ओळ जशीच्या तशी राहते आणि खाली बारीक अक्षरांत आजच्या घड्याळाची वेळ येते.

तीन नोंदी तरीही उरल्या. त्यांत तास नाही, मिनिट नाही. नुसते लिहिले आहे : ‘दुसऱ्या भोंग्याला.’ कुठल्या गिरणीचा भोंगा तेही नाही. फंक्शन त्यांना हात लावत नाही. त्या आहेत तशाच छापल्या जातात.