स्वारांची चौकी, बोटांचे ठसे आणि विमानतळावरचे ई-गेट

स्वारगेट हे नाव अर्धे फारसी आणि अर्धे इंग्रजी आहे. ‘सवार’ म्हणजे घोडेस्वार. दक्षिणेकडून पुण्यात येणाऱ्या वाटेवर कधीकाळी घोडेस्वारांची चौकी होती, त्यावरून हे नाव पडले असे सांगितले जाते. आज तिथे एसटी स्टँड आहे, जेधे चौकाचा उड्डाणपूल आहे आणि 29 सप्टेंबर 2024 पासून जमिनीखाली मेट्रो आहे. रोज हजारो माणसे येतात-जातात, कुणी कुणाला अडवत नाही. पण चौकीवरचा जुना प्रश्न संपलेला नाही. तू कोण, कुठून आलास, तुझी ओळख काय? हा प्रश्न आता विमानतळावर विचारला जातो आणि विचारणारा माणूस नसून यंत्र असते.

केंद्रीय गृहमंत्रालयाने 22 जून 2024 रोजी दिल्ली विमानतळावर ‘फास्ट ट्रॅक इमिग्रेशन – ट्रस्टेड ट्रॅव्हलर प्रोग्राम’ सुरू केला. 16 जानेवारी 2025 रोजी त्यात मुंबई, चेन्नई, कोलकाता, बंगळुरू, हैदराबाद, कोची आणि अहमदाबाद या विमानतळांची भर पडली. या पहिल्या आठांत पुणे नव्हते. म्हणजे स्वारगेट, घोरपडे पेठ किंवा मोमीनपुऱ्यातून उमऱ्याला किंवा आखाती देशांत नोकरीला जाणाऱ्याला हे गेट पाहायला मुंबईच गाठावी लागणार.

योजना समजायला सोपी आहे. भारतीय नागरिक किंवा ओसीआय कार्डधारक ऑनलाइन अर्ज करतो. पडताळणी झाली की ठरलेल्या विमानतळावर किंवा परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात जाऊन बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचे छायाचित्र देतो. शुल्क नाही. नोंदणी पाच वर्षे किंवा पासपोर्टची मुदत संपेपर्यंत, यातले जे आधी येईल तोवर चालते. त्यानंतर ई-गेटवर बोर्डिंग पास आणि पासपोर्ट स्कॅन करायचा, चेहरा-बोट जुळले की दार उघडते. अधिकाऱ्यासमोरची रांग टळते.

वारंवार प्रवास करणाऱ्याला ही सोय नक्कीच हवीहवीशी वाटेल. पण ‘ट्रस्टेड’ म्हणजे विश्वासू, आणि विश्वासू कोण हे सत्ता ठरवते. हा व्यवहार आजचा नाही. त्याचा मोठा भाग याच उपखंडात घडला आहे आणि त्यात मुसलमानांचा वाटा दोन्ही बाजूंनी आहे. म्हणून तो इतिहास नीट पाहायला हवा.

हुलिया आणि चेहरेपट्टी

अलाउद्दीन खिलजीच्या काळात सैनिकांचा ‘हुलिया’ लिहून ठेवण्याची आणि घोड्यांना डाग देण्याची पद्धत होती. सोळाव्या शतकात अकबराने ती पुन्हा कडक केली. कारण व्यवहारी होते. सरदार कागदावर जास्त स्वार दाखवून पगार उचलत आणि हजेरीच्या दिवशी भाड्याची माणसे व घोडी उभी करत. त्यावर उपाय म्हणून प्रत्येक स्वाराचा रंग, बांधा, व्रण, तीळ लिहून घेतले जाई. या नोंदीला ‘चेहरा’ म्हणत. आपण मराठीत सहज ‘चेहरेपट्टी’ म्हणतो, तो शब्द याच दफ्तरी व्यवहाराची आठवण आहे.

म्हणजे ज्या स्वारांवरून स्वारगेटचे नाव पडले, त्या जमातीचीच ओळख शरीरावरून पटवण्याची रीत इथे शतकानुशतके होती. परवाना, दस्तक, राहदारी, दाखला हे सगळे शब्दही त्याच फारसी दफ्तरातून मराठीत आले.

हाजींचे परवाने

समुद्रावर मात्र सत्ता दुसऱ्याची होती. सोळाव्या शतकात अरबी समुद्रातून जहाज न्यायचे तर पोर्तुगीजांचा ‘कार्ताझ’ नावाचा परवाना घ्यावा लागे. तो नसलेले जहाज ते पकडत. दाभोळ हे आदिलशाहीचे आणि चौल हे निजामशाहीचे मोठे बंदर. तिथून हजला जाणाऱ्या जहाजांनाही हाच परवाना लागे. मुघल इतिहासकार बदायुनी सांगतो की, या परवान्यांवर मरियम आणि येशूच्या प्रतिमा असत. खुश्कीच्या वाटेवर इराणच्या किझिलबाशांचा त्रास आणि समुद्रात हे परवाने, म्हणून हिंदुस्थानातल्या मुसलमानांवर हज बंधनकारक राहत नाही, असे मत मखदूम-उल-मुल्क यांनी दिले होते. एका कागदाने इबादतीचा प्रश्न उभा केला होता. तरी लोक गेले. कागद घेतला आणि गेले.

इंग्रजी राजवटीत हजची वाट मुंबईतून जाऊ लागली. 1865 च्या हजमध्ये कॉलरा पसरला आणि पुढच्या वर्षी कॉन्स्टँटिनोपलला आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली. तेव्हापासून युरोपच्या नजरेत हाजी हा रोग वाहून नेणारा प्रवासी ठरला. तपासणी, क्वारंटाइन, परवाने वाढले. 1886 मध्ये सरकारने हाजींच्या वाहतुकीचे काम थॉमस कुक कंपनीकडे दिले, ते काही वर्षांतच बंद पडले.

1897

या सालापाशी थांबायला हवे. प्लेगमुळे सरकारने त्या वर्षी मुंबईहून हजला जाण्यास बंदी घातली. त्याच वर्षी पुण्यात प्लेगच्या नावाखाली घरे तपासली जात होती, रेल्वेच्या प्रवाशांना उतरवून पाहिले जात होते. त्या जुलमातून रँडचा खून झाला. आणि त्याच वर्षी कोलकात्यात बोटांच्या ठशांचे कार्यालय सुरू झाले.

ठसे घेण्याची सुरुवात विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने 1858 मध्ये बंगालमध्ये केली होती. एका कंत्राटावर त्याने राज्यधर कोनाई याच्या हाताचा छाप घेतला. पण हजारो ठशांच्या ढिगातून नेमका एक शोधायचा कसा, हे कोडे सुटत नव्हते. ते सोडवणाऱ्यांमध्ये काझी अझीझुल हक हे महत्त्वाचे नाव आहे. प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकलेल्या या तरुणाला पोलीसप्रमुख एडवर्ड हेन्री यांनी हाताशी घेतले. दहा बोटांच्या नक्षीवरून ठशांची 1,024 कप्प्यांत वर्गवारी करण्याची गणिती रीत हक यांनी बसवली. त्यांचे सहकारी हेमचंद्र बोस यांनी ठसे तारेने कळवण्याची सांकेतिक पद्धत तयार केली. जगाने मात्र या पद्धतीला ‘हेन्री पद्धत’ म्हटले. 1901 मध्ये हेन्री स्कॉटलंड यार्डला गेले. हक यांना उशिरा ‘खान बहादूर’ किताब मिळाला. 1935 मध्ये बिहारमधल्या मोतिहारीत त्यांचे निधन झाले.

आज संगणक बोटाची नक्षी क्षणात ओळखतो, त्याच्या पूर्वजांमध्ये एका बंगाली मुसलमानाचे गणित आहे. हे आपल्या मुलांना शाळेत कुणी सांगत नाही.

हमीदिया मशिदीपुढची होळी

1900 मध्ये हेन्री यांना पोलीस यंत्रणा उभारण्यासाठी दक्षिण आफ्रिकेत पाठवले गेले आणि ठशांची पद्धत तिथेही पोहोचली. सहा वर्षांत तिचा वापर हिंदी लोकांवर झाला. 1906 च्या ट्रान्सवाल वटहुकुमाने आठ वर्षांवरील प्रत्येक आशियाई माणसाला दहाही बोटांचे ठसे देऊन नोंदणी करण्याची सक्ती केली. 11 सप्टेंबर 1906 रोजी जोहान्सबर्गच्या एम्पायर थिएटरमध्ये सभा भरली. तिथे शेठ हाजी हबीब यांनी खुदाला साक्ष ठेवून हा कायदा न मानण्याची भाषा केली. गांधीजींनी त्या शपथेचा अर्थ समजावून सांगितला आणि सगळ्यांनी ती घेतली. सत्याग्रहाची सुरुवात इथली.

1908 च्या जानेवारीत तडजोड झाली. हिंदी लोकांनी स्वेच्छेने नोंदणी करायची आणि सरकारने कायदा मागे घ्यायचा, असे गांधीजींनी समजून घेतले. ठसे देणे म्हणजे विश्वासघात, असे मानून मीर आलम या पठाणाने 10 फेब्रुवारीला त्यांच्यावर हल्ला केला. कायदा मागे घेतला गेला नाही. तेव्हा 16 ऑगस्ट 1908 रोजी हमीदिया मशिदीच्या आवारात नोंदणीच्या दाखल्यांची होळी झाली. मीर आलमनेही त्या दिवशी आपला दाखला जाळण्यासाठी दिला आणि गांधीजींची माफी मागितली.

या प्रसंगातला मुद्दा शाई लावण्याचा नव्हता. गांधीजींनी स्वतःही ठसे दिले होते. स्वेच्छेने दिलेली ओळख आणि जातीवरून, वंशावरून सक्तीने घेतलेली ओळख यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, हा तो मुद्दा होता.

आजचा प्रश्न

या फरकावर आजचे ई-गेट तपासून पाहू. योजना ऐच्छिक आहे, ही चांगली बाजू. दुसरी चांगली बाजू आपल्याला जास्त जवळची आहे. शेख, खान, सय्यद, पठाण ही आडनावे आणि मोहम्मद हे नाव लाखो लोकांचे आहे. यादीतल्या कुणाशी नाव जुळले की भलत्याच माणसाला बाजूला बसवले जाते. ऑगस्ट 2009 मध्ये अमेरिकेतल्या नेवार्क विमानतळावर शाहरुख खानची चौकशी झाली, तेव्हा संगणकावर नाव आल्याचेच कारण पुढे आले होते. नाव दोघांचे एक असू शकते, बोट नाही. त्या अर्थाने यंत्र आपल्याला नावाच्या संशयातून सोडवू शकते.

पण गेटवर पोहोचण्याआधी अर्जाची पडताळणी असते. तिथे संशय नावावरूनच घेतला गेला, तर अन्याय गेटवरून उठून कार्यालयात जाऊन बसेल आणि दिसणारही नाही. विटा-सिमेंट उचलून ज्यांची बोटे झिजली त्या मजुरांचे ठसे यंत्र ओळखत नाही, हा अनुभव रेशन दुकानापासून सगळीकडे आहे. आखातात राबणारा तोच माणूस या सोयीबाहेर राहिला, तर ‘विश्वासू प्रवासी’ म्हणजे फक्त मऊ हातांचा प्रवासी ठरेल.

कायद्याचा आधार आपल्याकडे आहे. परदेशप्रवास हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1967 मध्ये सतवंत सिंग साहनी खटल्यात सांगितले आणि त्याच वर्षी पासपोर्ट कायदा झाला. 1978 च्या मेनका गांधी खटल्याने ते अधिक भक्कम केले. 2017 मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरला. 2023 चा माहिती संरक्षण कायदा आला, पण त्यात सरकारी यंत्रणांना मोठ्या सवलती आहेत.

म्हणून ज्यांना ही सोय हवी त्यांनी जरूर घ्यावी. पासपोर्ट, आधार आणि तिकिटावर नावाचे स्पेलिंग एकच आहे ना, हे आधी पाहावे. अर्ज नाकारला गेला तर गप्प बसू नये. कारण लेखी मागावे, उत्तर मिळाले नाही तर माहिती अधिकारात विचारावे. दिलेले ठसे किती काळ ठेवले जातील आणि आणखी कोण पाहील, हेही विचारावे. चौकीवर उभ्या असलेल्या स्वाराला उलट प्रश्न करण्याची सोय रयतेला नव्हती. नागरिकाला ती आहे, आणि ती वापरली तरच टिकते.