नर्सिंग की पॅरामेडिकल? फी भरण्याआधी हे वाचा

बारावीचा निकाल लागला की घराघरात हा सवाल येतो. पालकांनो, फीच्या आधी काम समजून घ्या.

नर्सिंग म्हणजे वॉर्डात रुग्णाजवळ राहणं: औषधं, इंजेक्शन, ड्रेसिंग, नोंदी. एएनएम 2 वर्षांचा, जीएनएम 3 वर्षांचा, बीएस्सी नर्सिंग 4 वर्षांचा कोर्स. बीएस्सीसाठी बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, इंग्रजी हवं, शिवाय राज्याची सीईटी. जीएनएमला आर्ट्स-कॉमर्सवाल्यांनाही जाता येतं.

पॅरामेडिकल हा एकच कोर्स नाही. लॅब, एक्स-रे, डायलिसिस, ऑपरेशन थिएटर असे वेगवेगळे रस्ते आहेत. लॅबमध्ये काम नमुन्यांशी, रुग्णाशी बोलणं थोडंच. डायलिसिसमध्ये मात्र तासन्‌तास रुग्णाजवळच थांबावं लागतं.

"मुलीला नाईट ड्युटी नको, म्हणून पॅरामेडिकल" असं बरेच पालक म्हणतात. पण मोठ्या हॉस्पिटलात लॅब आणि एक्स-रे रात्रीही चालू असतात.

माझ्या एका विद्यार्थिनीने जवळच्याच एका संस्थेत वर्षभराचा कोर्स केला. अब्बांनी कर्ज काढून फी भरली. नोकरी मागायला गेल्यावर कळलं, त्या सर्टिफिकेटवर नोंदणीच होत नाही. म्हणून आधीच विचारा: नर्सिंग असेल तर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलमध्ये, पॅरामेडिकल असेल तर महाराष्ट्र पॅरामेडिकल कौन्सिलमध्ये नोंदणी होईल का? नुसत्या तोंडी 'हो'वर जाऊ नका, मान्यतेचा कागद बघा.

आणि शेवटी मुलीलाही विचारा. रोज कामावर तिलाच जायचं आहे.