अंगुस्तान

अंगुस्तान : हाताने शिवताना सुई कापडात रेटण्यासाठी बोटाच्या पेरावर घालायची टोपी किंवा कडे. ते पितळ, पोलाद, चांदी, चामडे किंवा प्लॅस्टिकचे असते. टोचण्यापासून बचाव हा त्याचा उपयोग नेहमी सांगितला जातो, पण ते अर्धेच खरे आहे. सुईचे अणकुचीदार टोक कापडाकडे असते. अंगुस्तान घातलेल्या बोटाला लागते ते दुसरे, नेढ्याकडचे टोक. ते बोथट असले तरी त्याचा आकार जेमतेम एक चौरस मिलिमीटर, बारीक सुईत त्याहूनही कमी. जाड कापडात सुई घुसवायला लावलेला सगळा जोर त्या इवल्याशा जागेवर एकवटून उलट कातडीत रुततो. एकेका टाक्याला ते जाणवत नाही. शेकडो टाक्यांनंतर पेर हुळहुळते, पुढे तेथे घट्टा पडतो, आणि एखाद्या वेळी नेढे सरळ मांसात शिरते. अंगुस्तान हा जोर धातूवर घेते आणि सबंध पेरावर पसरवते. म्हणून ते चिलखताइतकेच हत्यारही आहे: ज्याच्या बोटात ते आहे त्याला जास्त जोर लावता येतो.

शब्द फारसीतून आला. ‘अंगुश्त’ म्हणजे बोट. संस्कृतातला ‘अंगुलित्राण’ अर्थाने त्याच्या जवळचा, पण त्याचे नाते शिवणाशी नसून धनुष्याशी. धनुष्याच्या दोरीच्या घर्षणापासून बोटे जपायला योद्धे घोरपडीच्या कातड्याचे अंगुलित्राण बांधत. वाल्मीकि रामायणाच्या बालकांडात विश्वामित्रांमागून निघालेल्या राम-लक्ष्मणांच्या वर्णनात ते येते. जर्मन भाषेत अंगुस्तानाला ‘बोटाची टोपी’ अशा अर्थाचा शब्द आहे.

अंगुस्तानाचे दोन मुख्य प्रकार. एक टोपीसारखे, वरून बंद. यात सुई बोटाच्या टोकाने ढकलतात. दुसरे दोन्ही बाजूंनी उघडे, कड्यासारखे. यात सुई पेराच्या बाजूने रेटली जाते. आपल्याकडचे शिंपी बहुधा हे दुसरे वापरतात. त्यात नखाला मोकळीक मिळते, घाम साचत नाही आणि बोटाचे टोक कापड चाचपायला उघडे राहते. जपानमध्ये ‘युबिनुकी’ नावाचे कडे मधल्या बोटाच्या आणखी खालच्या पेरात घालतात. कानाझावा भागात ते रंगीत रेशमी दोऱ्यांनी मढवलेले असते आणि पाहत राहावे इतके सुंदर असते. शिडाचे कापड शिवणारे खलाशी तर बोटावर भागवतच नाहीत. ते तळहाताला चामड्याचा पट्टा बांधतात आणि त्यात अंगठ्याच्या मुळाशी बसवलेल्या धातूच्या चकतीने सबंध मनगटाचा जोर सुईवर आणतात.

सर्व धातूच्या अंगुस्तानांवर बारीक खळ्या असतात. त्या नक्षी नव्हेत. गुळगुळीत धातूवरून सुई निसटते आणि निसटलेली सुई नखाखाली जाते. खळीत नेढे अडकले की ती जागेवर राहते. खळ्या झिजून सपाट झाल्या की अंगुस्तान बदलावे. पंधराव्या-सोळाव्या शतकांत जर्मनीतील न्युरेंबर्ग हे पितळी अंगुस्तानांचे मोठे केंद्र होते. तेव्हा खळ्या हाताने ठोकून पाडत, त्यामुळे जुन्या नगांवर त्यांच्या ओळी वाकड्यातिकड्या दिसतात. जॉन लॉफ्टिंग या डच कारागिराने इंग्लंडमध्ये १६९३ च्या सुमारास यंत्राने अंगुस्ताने बनवायला सुरुवात केली. चांदीचे अंगुस्तान दिसायला देखणे, पण धातू मऊ असल्याने सुई त्याला भोक पाडते. हॅलिफॅक्सच्या चार्ल्स हॉर्नरने १८८४ मध्ये चांदीच्या दोन थरांमध्ये पोलादाचा थर घालून यावर उपाय काढला.

अंगुस्तान सुईच्या हाताच्या मधल्या बोटात घालतात. अंगठा आणि शेजारचे बोट सुई धरतात, मधले बोट ढकलते. टोपीसारखे असेल तर बोटाचे टोक आतून वरच्या भागाला टेकले पाहिजे आणि हात खाली करून झटकला तरी ते गळून पडता कामा नये. उन्हाळ्यात बोटे किंचित सुजतात, त्यामुळे हिवाळ्यात नेमके बसलेले पुढे आवळते. काहींच्या कातडीला निकेलचा मुलामा सोसत नाही, खाज सुटते. त्यांनी चामड्याचे वापरावे. पहिल्या दिवशी अंगुस्तान अडगळ वाटते, सुई बोटात नाही तर हवेत आहे असे वाटते, आणि बहुतेक जण तेथेच ते काढून ठेवतात. ही घाई नडते. पाश्चात्त्य शिंपीकामात उमेदवाराचे मधले बोट फितीने वाकवून बांधत आणि दोऱ्याशिवाय नुसती सुई चालवायला लावत, इतके ते वळण महत्त्वाचे मानले जाई. आठ-दहा दिवस नेटाने घातले की उघड्या बोटाने शिवणेच नकोसे होते.

सर्वांत जास्त टोचते ते मात्र दुसऱ्या हाताला, कापडाखालच्या बोटाला. अंगुस्तानावरच्या लिखाणात या बोटाची दखल फारशी घेतली जात नाही, आणि महाराष्ट्रात हाताने शिवण्याचा विचार करताना तर ती घ्यायलाच हवी. गोधडी किंवा वाकळ म्हणजे जुन्या लुगड्यांचे आणि धोतरांचे अनेक थर, त्यावर धावदोऱ्याच्या जवळजवळ ओळी. सगळे थर सुईने घेतले की नाही, हे शिवणारीला डोळ्यांनी दिसत नाही. खालच्या बोटाला सुईचे टोक लागले की तिला ते कळते आणि ती सुई वर वळवते. म्हणजे प्रत्येक टाक्याला एक लहानशी टोच हा कामाचाच भाग. तेथे जाड अंगुस्तान घातले तर खूणच हरवते. यावर पातळ उपाय हवा: बोटाच्या पोटावर औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या कागदी पट्टीचे दोन वेढे, किंवा मऊ चामड्याचा नखाएवढा तुकडा. थर फारच जाड असतील तर बोटाऐवजी स्टीलचा चमचा खाली धरता येतो. सुई त्याच्या कडेवरून आपोआप वर वळते. मधूनमधून बोट बदलणे हा सर्वांत सोपा उपाय.

साडीला हाताने फॉल लावणाऱ्या बायकांचे काम याच्या उलट. कापड एकेरी, सुई बारीक, जोर नगण्य. पण रेशमी साडीवर रक्ताचा एक ठिपका पडला तर दिवसाची मजुरी जाते. त्यामुळे येथे बोटाइतकीच साडीही जपायची असते.

बोटाला लागणारा निम्मा त्रास सुईच्या निवडीतच टळतो. गंजलेली, बोथट किंवा कापडाच्या मानाने जाड सुई दुप्पट जोर मागते. शिवता शिवता सुई केसांतून फिरवण्याची जुनी सवय योग्यच आहे, कारण केसांच्या तेलाने ती सरकते. साबणाच्या वडीनेही हेच साधते. अर्धी सुई बाहेर येऊन अडली तर ती दातांनी ओढू नये. सायकलच्या ट्यूबचा किंवा फुग्याचा तुकडा चिमटीत धरला की पकड मिळते. पोते किंवा चामडे शिवणाऱ्या दाभणासाठी लहान पक्कड जवळ ठेवावी.

टोचलेले बोट साबणाच्या पाण्याने धुवावे. नखाच्या कडेला ठणका आणि पू दिसला तर ते नखुरडे असते. ते सुईने फोडू नये, डॉक्टरांना दाखवावे. धनुर्वाताचे जंतू गंजात नव्हे, मातीत असतात, म्हणून चकचकीत सुईही निर्धोक नसते. प्रौढांनी दर दहा वर्षांनी लस घ्यावी. मधुमेहाने बोटे बधिर झालेल्यांना टोचल्याचे कळतच नाही. त्यांनी काम संपल्यावर दोन्ही हात उजेडात धरून नीट पाहावेत. कापडावर पडलेला रक्ताचा डाग लगेच थंड पाण्याने काढावा, कारण गरम पाण्याने तो पक्का बसतो.