काळसर तामड्याची पारख

अल्मंडाइन हे गार्नेट कुळातील सर्वाधिक आढळणारे खनिज म्हणजे लोह आणि ॲल्युमिनियम यांचे सिलिकेट असून, लोहामुळे त्याला येणारा तांबडा रंग जाड स्फटिकात इतका दाट होतो की तो जवळजवळ काळा भासतो. भारतीय जवाहिरांच्या व्यवहारात अशा खड्याला तामडा म्हणतात. प्राचीन काळी रत्नाची जात प्रामुख्याने रंगावरून ठरत असल्याने माणिक, लालडी आणि तामडा यांची एकाच नावाखाली सरमिसळ होत असे. थिओफ्रॅस्टस या ग्रीक विद्वानाने उन्हात धरल्यावर पेटत्या निखाऱ्यासारख्या दिसणाऱ्या ज्या तांबड्या खड्याचे वर्णन केले, आणि ज्याच्या अगदी लहान तुकड्यालाही 40 सुवर्णनाणी पडत असे नोंदवले, तो बहुधा गार्नेटच असावा. पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनी याने अशा खड्यांत भारतीय खड्यांचा उल्लेख केलाच, शिवाय काचेचे नकली खडे सहाणेवर घासून आणि वजनावरून ओळखता येतात, कारण ते मऊ, ठिसूळ आणि हलके असतात, हेही सांगितले. कठिणता आणि घनता या आजच्या रत्नपरीक्षेतल्या कसोट्यांचीच ही पूर्वरूपे होत. अल्मंडाइनची घनता पाण्याच्या सुमारे चौपट असते आणि त्यातून जाणारा प्रकाशकिरण माणकातल्याप्रमाणे दुभंगत नाही, एवढ्यावरून आज हा गोंधळ बहुतांशी मिटतो.

तामड्याला खरे मोल मिळाले ते पाचव्या ते सातव्या शतकांतील युरोपीय सुवर्णकारांच्या हातून. दगडाचे अतिशय पातळ पत्रे काढून ते सोन्याच्या बारीक कप्प्यांत बसवताना ते त्यांच्याखाली चौकटीची नक्षी उठवलेला सोन्याचा वर्ख ठेवत, जेणेकरून आत गेलेला प्रकाश परतून काळसर खडा लालभडक उजळे. फ्रँकांचा राजा चिल्डेरिक याच्या 1653 मध्ये तूर्ने येथे सापडलेल्या थडग्यातील आणि इंग्लंडमधील सटन हू येथे 1939 मध्ये उत्खनित झालेल्या नौकासमाधीतील अलंकार याच पद्धतीचे आहेत. दगडाच्या दुर्मिळतेपेक्षा हे कारागिरीचे मोल अधिक होते, असे म्हणणे भाग आहे.

हे खडे कोठले, याचे उत्तर मात्र रंग, वजन किंवा कठिणता यांतून मिळणे शक्य नव्हते. एकविसाव्या शतकाच्या आरंभी पॅरिसजवळच्या सँ-दनी येथील राजघराण्याच्या थडग्यांतील खड्यांवर प्रोटॉनांचा झोत सोडून, त्यातून उमटणाऱ्या क्ष-किरणांवरून घटकांचे प्रमाण मोजण्यात आले, तेव्हा आधीच्या काळातील अल्मंडाइन भारतातील, तर सातव्या शतकातील बरेच लहान खडे बोहेमियातील असल्याचा निष्कर्ष निघाला. पुढे तेलंगणात खम्मम परिसरातील गरीबपेट येथील स्फटिकांची रासायनिक घडण आणि त्यांतील सिलिमनाइट या खनिजाचे सूक्ष्म तंतू पुदुच्चेरीजवळच्या अरिकामेडू येथील मण्यांशी जुळले. दख्खनच्या पूर्व भागातील ही खाण प्राचीन मणिउद्योगाच्या इतिहासात जेवढी महत्त्वाची आहे, तेवढी ती आपल्याकडे परिचित नाही. भारतीय संग्रहालयांतील तांबड्या मण्यांचीही अशीच तपासणी होणे अगत्याचे आहे.