श्यामला : सावळ्या रंगाचे नाव

मराठी मुलींच्या नावांत रंगांवरून आलेली नावे पुष्कळ आहेत. गौरी, अरुणा, नीलिमा, पिंगला ही त्यांपैकी काही होत. 'श्यामला' हे नाव याच गटातील असून, त्याचे 'शामला' व 'शामल' असे लेखनही रूढ आहे.

संस्कृतातील 'श्याम' या शब्दाला 'ल' हा प्रत्यय लागून 'श्यामल' हे विशेषण बनते. 'श्यामला' हे त्याचे स्त्रीलिंगी रूप होय. अमरकोशाने काळ्या रंगाच्या पर्यायांत श्याम, श्यामल, कृष्ण आणि असित यांच्यासोबत 'नील' हाही शब्द दिला आहे. पावसाळी मेघाचा निळसर काळा आणि पिकाचा गर्द हिरवा या दोन्ही छटा 'श्यामल' शब्दात सामावतात. बंकिमचंद्र चट्टोपाध्याय यांनी 'वंदे मातरम्'मध्ये मातृभूमीला श्यामला म्हटले ते पिकांच्या याच रंगामुळे. दक्षिण भारतात 'श्यामला' हे मातंगी देवीचे नाव आहे.

याच शब्दाचे प्राकृतात 'सामल' झाले आणि त्यातूनच मराठीतील 'सावळा' आला. म्हणजे 'श्यामला' आणि 'सावळी' ही एकाच शब्दाची दोन रूपे आहेत. परंतु समाजाने त्यांना सारखा मान दिला नाही. मुलीचे नाव श्यामला ठेवताना कोणी अडखळत नाही. तीच मुलगी 'सावळी' म्हटली, की लग्नाच्या बोलण्यांत तो उणेपणा ठरतो. विवाहविषयक जाहिरातींतील 'गोरी वधू पाहिजे' ही अट वाचकांच्या परिचयाची आहे. 'फेअर अँड लव्हली' या क्रीमच्या नावातून 'फेअर' हा शब्द २०२० मध्ये वगळण्यात आला. गोऱ्या रंगाची ओढ मात्र त्याने सरली नाही.

परंपरेत मात्र या रंगाला उणेपणा नाही. महाभारतातील द्रौपदीला तिच्या वर्णावरून 'कृष्णा' हे नाव मिळाले. पंढरीचा विठोबा भक्तांना सावळा म्हणूनच प्रिय आहे. धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यातील तुळजापूरची भवानी महाराष्ट्रातील अनेक घराण्यांची कुलस्वामिनी. तिची अष्टभुजा महिषासुरमर्दिनी मूर्ती काळ्या पाषाणाची आहे. तिच्या दर्शनाला आलेली सासुरवाशीण याच काळ्या मूर्तीपुढे ओटी भरते आणि सौभाग्य मागते.

या भागातील शेतकऱ्याच्या बोलीतही काळा रंग मानाचा आहे. गावठाणाच्या जमिनीला 'पांढरी' आणि पिकाऊ जमिनीला 'काळी' म्हणतात. वस्ती पांढरीत असली तरी घर चालते ते काळीवर. म्हणूनच शेतकरी तिला 'काळी आई' म्हणतो.

देवतेचा, मेघाचा आणि पिकाऊ मातीचा रंग ज्या शब्दात एकवटला आहे, तोच 'श्यामला' या नावाचा अर्थ होय. हे नाव ठेवणाऱ्या घराने 'सावळी' हा शब्दही तितक्याच मानाने उच्चारला, तर त्या नावाचे सार्थक होईल.