उजव्या हाताचे सत्तर टक्के

मी इगतपुरीचा. आमच्या गावात माणसाची ओळख त्याच्या आडनावाआधी त्याच्या हुद्द्यावरून व्हायची. अमका ड्रायव्हर, तमका गार्ड, पलीकडचा पॉइंट्समन. माझे वडील रेल्वेत फिटर होते. लहानपणी घरात एक शब्द वारंवार कानावर पडे : 'डिकॅट'. एखाद्या ड्रायव्हरची नजर अधू झाली, सिग्नलचे रंग ओळखताना डॉक्टरांनी त्याला नापास केलं, की लोक म्हणत, "तो डिकॅट झाला." मला तो एखादा आजारच वाटे. मोठेपणी अर्थ कळला. इंजिनावर चढण्याइतकी प्रकृती आता राहिली नाही, म्हणून श्रेणी बदलायची आणि झेपेल असं दुसरं काम द्यायचं. तो माणूस स्टोअरमध्ये नाहीतर ऑफिसात बसे. थोडे दिवस चिडचिड करी, मग रुळे. सकाळी डबा घेऊन बाहेर पडणं मात्र सुटत नसे.

ही आठवण आज सांगायचं कारण आमच्या मोहल्ल्यातला एक तरुण. वेल्डर होता. आखातात कामाला गेला आणि तिथं लोखंडी पत्र्याखाली त्याचा उजवा हात चिरडला. मनगटाखाली आता दोन बोटं उरली आहेत. कंपनीने इलाज केला, तिकीट काढून दिलं आणि घरी पाठवलं. गल्लीत बी. ए. झालेला म्हणून अर्ज लिहायचं काम माझ्याकडे येतं, तसा तोही आला. मी नुकसानभरपाईचे कागद पाहू लागलो, तेव्हा तो म्हणाला, "चाचा, पैशाचं बघा तुम्ही. पण काम कोण देईल, ते कुठल्या कागदात आहे?"

हा प्रश्न जुना आहे. आमच्या घाटाइतका जुना.

कसाऱ्याहून इगतपुरीला गाडी चढते तो थळघाट 1865 साली खुला झाला. दर 37 फुटांमागे एक फूट असा तो चढ. जी. आय. पी. रेल्वेसाठी सुरुंग लावून, बोगदे खणून, दऱ्यांवर पूल बांधून मजुरांनी तो तयार केला. त्या काळी देशात 1855 चा एक कायदा होता. दुसऱ्याच्या चुकीने माणूस मेला, तर त्याच्या कुटुंबाला कोर्टात भरपाई मागता येत असे. कायदा मृत्यूपुरता होता. हातपाय गमावून जिवंत राहिलेल्या मजुरासाठी त्यात कलम नव्हतं. आणि मेलेल्याची बायको तरी कुठलं कोर्ट चढणार होती?

पुढे हिंदुस्थानातले मजूर रेल्वे बांधायला समुद्रापार गेले. 1896 ते 1901 या काळात मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत युगांडा रेल्वे झाली. तिच्यासाठी इथून सुमारे 32 हजार माणसं नेली, त्यांत पंजाबकडची सर्वाधिक. करार तीन वर्षांचा, परतीचा प्रवास फुकट. त्सावोच्या नरभक्षक सिंहांची गोष्ट आपण वाचलेली असते. पण सिंहांनी खाल्ले त्यांच्यापेक्षा ताप आणि अपघात यांनी कितीतरी जास्त माणसं नेली. अडीच हजारांच्या आसपास मजूर मेले. सहा हजारांहून अधिक 'इनव्हॅलिड', म्हणजे कामाला निकामी, ठरले. निकामी ठरलेल्यालाही फुकट परतीचा हक्क होताच. बोटीतून उतरला की करार संपला. त्यापुढे तो आणि त्याचं गाव.

कामगाराच्या दुखापतीची जबाबदारी मालकाची, हे आपल्याकडे कायद्याने मान्य केलं ते 1923 साली. कोकणातल्या गोरेगावचे ना. म. जोशी 1919 मध्ये वॉशिंग्टनला पहिल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेत हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेले होते. त्यानंतरच्या वर्षांत कामगारांचे प्रश्न कायदेमंडळात पोहोचले. कामगार नुकसानभरपाई कायदा 1 जुलै 1924 पासून लागू झाला. त्याला एक परिशिष्ट जोडलेलं होतं. कमाईची ताकद किती गेली, याची यादी. उजवा हात कोपरापासून गेला तर 70 टक्के. डावा गेला तर 60. एक डोळा 30, अंगठा 25, अंगठ्याजवळचं बोट 10, बाकीचं कुठलंही बोट 5. ही यादी वाचताना अंगावर काटा येतो. तरी मी तिला नावं ठेवणार नाही. त्याआधी त्या बोटाची किंमत शून्य होती. मात्र यादी भरपाईची होती. राहिलेल्या तीस टक्क्यांचं काय करायचं, त्याला काम कोण देणार, यावर ती गप्प होती.

1925 मध्ये जिनिव्हाला आणखी एक करार झाला. परदेशी कामगाराला अपघात झाला तर त्या देशाने त्याला आपल्या कामगाराइतकीच भरपाई द्यावी. हिंदुस्थानने तो 1927 साली मान्य केला. इथंही हक्क पैशाचाच.

काम परत देण्याचा विचार आपल्याकडे झाला तो सैनिकांसाठी. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढल्या. हातपाय गमावलेले जवान बोटींनी मुंबईला येऊ लागले. सैनिकी हाच त्यांचा पेशा, आणि तो तर गेला. तेव्हा 1917 साली लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने मुंबईत क्वीन मेरी टेक्निकल स्कूल सुरू झालं. अपंग जवानाने नवं कसब शिकावं आणि गावी जाऊन कमवावं, हा हेतू. पुढे ही शाळा खडकीला गेली आणि आजही तिथे आहे. 1944 मध्ये पुण्यात सैन्याचं कृत्रिम अवयव केंद्र आलं. पाय तिथे मिळे, कसब खडकीला. दोन्ही एकत्र आले की माणूस उभा राहतो, हे कुणाला तरी उमगलं होतं.

सरकारी नोकरांना ही हमी 1995 च्या अपंग व्यक्ती कायद्याने मिळाली. नोकरीत असताना अपंगत्व आलं तर काढायचं नाही, हुद्दा उतरवायचा नाही, त्याच पगारावर दुसरं काम द्यायचं. 2016 च्या नव्या कायद्यानेही ती कायम ठेवली. लहानपणीच्या 'डिकॅट' शब्दाला मिळालेला तो भक्कम आधार.

आखातात जाणाऱ्यासाठी 2003 मध्ये प्रवासी भारतीय विमा योजना आली. मृत्यू झाला किंवा कायमचं अपंगत्व येऊन नोकरी गेली तर आता 10 लाखांचं संरक्षण आणि परतीचं भाडं. पैसा मोलाचाच आहे, त्यातून कर्ज फिटतं, बहिणीचं लग्न होतं. पण योजनेच्या शब्दांतच बघा, नोकरी गेलेली धरूनच चाललेत. युगांडाच्या मजुराला बोटीचं भाडं, याला विमानाचं. उतरल्यावरचा रस्ता दोघांचाही तोच.

आमच्या पोराचे अर्ज मी लिहिले. त्याचं काम मात्र अर्जाने झालं नाही. घोटीच्या रस्त्याला ग्रील-गेटचं एक वर्कशॉप आहे. तिथल्या मालकाने त्याला ठेवून घेतलं. तो डाव्या हाताने खडूच्या खुणा करतो, नव्या पोरांना सांधा कसा धरायचा ते दाखवतो. पगार आखातातल्या निम्म्याहूनही कमी. परवा स्टेशनवर भेटला. मी विचारलं, "बरं चाललंय?"

"डबा नेतो चाचा," तो म्हणाला.

वडिलांच्या वेळी हा डबा रेल्वेच्या नियमाने हातात राहत असे. याच्या हातात तो एका भल्या माणसाच्या मर्जीने आला आहे. समुद्रापार राबून आलेल्यासाठी तो मर्जीवर सोडू नये, खडकीसारखी एक शाळा त्यालाही असावी, एवढंच मला सांगायचं होतं.

(नभोवाणीवरील भाषण, संपादित)