अलॉय व्हीलला हब रिंग लागते का? गाडी सजवण्याआधी एवढं बघून घ्या

एमएच-२२ पासिंगची सेकंडहँड स्विफ्ट नाहीतर आय-ट्वेंटी दारात उभी राहिली, की घरातल्या पोरांचा पहिला हट्ट ठरलेला असतो. लोखंडी डिस्क काढा, अलॉय बसवा. आमच्याही घरी तेच झालं. चार अलॉय घेतले, दुकानदाराने तासाभरात बसवून दिले, गाडी झकास दिसायला लागली. महिनाभर परभणी-जिंतूर, परभणी-मानवत अशी ये-जा झाली, काही जाणवलं नाही.

मग खालाजानला उमऱ्यासाठी मुंबईच्या विमानतळावर सोडायला निघालो. जालन्याजवळ समृद्धी महामार्गावर चढलो आणि काटा ९०च्या पुढे सरकला तसं स्टेअरिंग हातात थरथरायला लागलं. मागच्या सीटवरून खालाजानने विचारलं, "बेटा, रस्ता खराब है क्या?" रस्ता सिमेंटचा, सपाट. खराब काय असणार? वेग ७० वर आणला की थरथर गायब, ९५ ला पुन्हा हजर. उरलेला सगळा रस्ता आम्ही ७५ च्या वर गेलोच नाही, आणि विमान सुटेल की काय या धास्तीत पोहोचलो.

परत आल्यावर दोनदा बॅलन्सिंग केलं, एकदा अलाइनमेंट केलं. एका ठिकाणी तर लोअर आर्म आणि टाय रॉड बदलायला सांगितलं. शेवटी एका जुन्या मिस्त्रीने चाक खोललं, मधल्या भोकात बोट घालून दाखवलं आणि म्हणाला, "हे बघा, इथं केवढी जागा मोकळी आहे. रिंग कुठंय?" तेव्हापासून हा प्रश्न आम्हाला अनेक नातेवाइकांनी विचारला आहे, म्हणून सगळी माहिती एकदाच लिहून ठेवतो आहोत.

हब रिंग म्हणजे नेमकं काय?

चाक ज्या लोखंडी भागावर बसतं तो हब. हबच्या मधोमध एक गोल उंचवटा बाहेर आलेला असतो, आणि चाकाच्या मधलं भोक त्या उंचवट्यावर बसतं. गाडीसोबत कंपनीचं जे चाक येतं त्याचं भोक त्याच मापाचं कापलेलं असतं, त्यामुळे चाक आपोआप मधोमध येतं. बाजारातला अलॉय मात्र एकाच गाडीसाठी बनवलेला नसतो. तो पाच-दहा मॉडेलना चालावा म्हणून त्याचं भोक मुद्दाम मोठं ठेवतात. हब आणि भोक यांच्यामधली पोकळी भरणारी प्लास्टिकची किंवा अॅल्युमिनियमची बांगडी म्हणजे हब रिंग.

मापं बघितली की गोष्ट लगेच डोक्यात येते. स्विफ्ट, बलेनो आणि आय-ट्वेंटी यांच्या हबचं माप ५४.१ मिलिमीटर आहे. होंडा सिटीचं ५६.१, इनोव्हा क्रिस्टाचं ६०.१, क्रेटाचं ६७.१. बाजारातल्या अलॉयचं भोक बहुतेक वेळा ६७.१ किंवा ७३.१ असतं. म्हणजे ६७.१ चा अलॉय स्विफ्टला लावला तर चारी बाजूंनी साडेसहा मिलिमीटर जागा रिकामी राहते. तिथे ६७.१-५४.१ अशी रिंग लागते. रिंग मागताना हे दोन्ही आकडे सांगायचे, आधी चाकाचा आणि मग गाडीचा. नुसतं "स्विफ्टची रिंग द्या" म्हटलं तर चुकीचा माल हातात पडू शकतो. क्रेटाला ६७.१ चाच अलॉय मिळाला, तर रिंगचा प्रश्नच येत नाही.

गाडीचं वजन रिंगवर असतं का?

इथे लोकांत दोन टोकं आहेत. एक म्हणतो, रिंग नसेल तर सगळं वजन नटांवर येतं आणि नट तुटतात. दुसरा म्हणतो, रिंग म्हणजे दुकानदाराची जादा कमाई. दोघांचंही पूर्ण बरोबर नाही.

नट नीट कसले की चाकाची पाठ हबच्या सपाट तोंडावर दाबली जाते. तो दाब लहान नसतो. १०० न्यूटन मीटरने कसलेला एक नट साधारण ४ टनांच्या ताकदीने चाक दाबून धरतो. चार नटांचे १६ टन झाले, आणि अख्खी स्विफ्ट आहे साधारण एका टनाची. या दाबामुळे जे घर्षण तयार होतं तेच गाडी पेलतं. प्लास्टिकची रिंग गाडी पेलत नाही, तिच्याकडून ती अपेक्षाही नाही. तिचं काम फक्त चाक बसवतानाचं आहे. नट आवळले जाईपर्यंत चाक बरोबर मधोमध धरायचं, बस्स.

मग मधोमध आणण्यासाठी दुसरं काही नसतं का? असतं. नट. म्हणून रिंग लागते की नाही, याचं खरं उत्तर नटाच्या आकारात आहे.

बहुतेक अलॉयना निमुळते, म्हणजे टेपर नट लागतात. नटाचा निमुळता भाग चाकाच्या तशाच खोलगट भोकात उतरतो आणि चाकाला मध्यावर ओढून आणतो. चाक हवेत उचललेलं असताना, चारही नट आधी हाताने लावून, समोरासमोरचे थोडे थोडे आवळत गेलं तर रिंग नसतानाही चाक बऱ्यापैकी मधोमध बसतं. रिंग नसलेल्या कितीतरी गाड्या व्यवस्थित पळतात त्या यामुळेच. पण दुकानात काय होतं? चाक टांगलं, एअर गनने पहिला नट एका दमात कचकचून कसला, मग बाकीचे. पहिल्याच नटाला चाक एका बाजूला बसून जातं, पुढचे नट त्याला हलवू शकत नाहीत. आमच्या गाडीचं असंच झालं होतं.

सपाट वॉशरचे नट असतील तर मात्र चर्चा संपली. टोयोटाच्या काही गाड्यांच्या कंपनी अलॉयना असे नट येतात. सपाट नट चाक दाबतो, पण मध्यावर आणत नाही. अशा नटांवर मोठ्या भोकाचं चाक रिंगशिवाय लावून गाडी चालवूच नये. पोलोसारख्या गाड्यांत स्टड नसतात, बाहेरून बोल्ट घालावा लागतो. तिथे चाक टेकवायलाही आधार नसतो, म्हणून रिंग असलेली बरी.

होंडावाल्यांनी जरा जास्त लक्ष द्यावं. होंडाच्या मूळ नटाचं टोक गोल असतं, चेंडूसारखं. बाजारातल्या अलॉयचं भोक निमुळतं. जुनेच नट नव्या अलॉयला लावले तर गोल टोक निमुळत्या भोकात कडेलाच टेकतं. असा नट ढिला होऊ शकतो, आणि हा दोष थरथरीपेक्षा कितीतरी मोठा आहे. अलॉयसोबत त्याला जुळणारे नट घ्यायचे, पैसे वाचवायची ही जागा नाही.

थरथर गावात का कळत नाही?

हिशेब करून बघू. १५ इंची अलॉय आणि टायर मिळून साधारण १५ किलो. ते मध्यापासून अर्धा मिलिमीटर सरकलं, तर रिमच्या कडेला ४० ग्रॅमचं शिसं एकाच बाजूला चिकटवल्यासारखं होतं. ताशी ५० ला त्याचा झटका दीड किलोचा असतो. आपल्या रस्त्यांवरच्या खड्ड्यांत तो कोणाला कळणार? वेग दुप्पट झाला की झटका चौपट होतो. ताशी १०० ला सुमारे ६ किलो, तेही सेकंदाला १४ वेळा. समृद्धीवर कारला १२० ची मर्यादा आहे, तिथे हाच आकडा ९ किलोच्या जवळ जातो.

बॅलन्सिंगने हे का सुटत नाही, तेही यातच आलं. मशीनवर चाक मधल्या भोकातूनच शंकूने पकडलेलं असतं, म्हणजे तिथे ते अगदी मध्यावर असतं. मशीन शून्य दाखवतं. गाडीवर ते सरकून बसतं, आणि थरथर परत येते. दुकानदार खोटं बोलत नसतो, पण आपले पैसे जातात.

अर्थात प्रत्येक थरथरीला रिंग जबाबदार नाही. पावसाळ्यात शेताकडे जाऊन आलात, तर आपली काळी माती रिमच्या आतल्या बाजूला थापून बसते, वाळते आणि अगदी अशीच थरथर देते. आधी पाण्याचा फवारा मारून बघा, फुकटात काम होईल. फक्त ब्रेक दाबल्यावर स्टेअरिंग हलत असेल तर डिस्क ब्रेक तपासा. गाडी एका बाजूला ओढत असेल तर अलाइनमेंट. खड्ड्यात रिम वाकलं असेल तर ते मशीनवर फिरवताना डोळ्यांना दिसतं.

प्लास्टिकची घ्यावी की अॅल्युमिनियमची?

घरच्या गाडीला दोन्ही चालतात. प्लास्टिकची हबवर गंजून चिकटत नाही, पण घाटात सतत ब्रेक लावून हब तापला तर ती मऊ पडू शकते आणि काढताना तुटते. अॅल्युमिनियमची टिकते, पण हबवर गंजाने पकडून बसते. तिच्या आतून अगदी बारीक ग्रीसचा हात फिरवावा. ग्रीस नटाच्या आट्यांना आणि हबच्या सपाट तोंडाला मात्र लागू द्यायचं नाही. माप मिळालं नाही तर लेथवाला अॅल्युमिनियमची रिंग कातून देतो, फक्त हब आणि भोक व्हर्नियरने मोजून न्या. रिंग अंगठ्याने दाबून घट्ट बसली पाहिजे. खुळखुळणारी रिंग असून नसल्यासारखी. चार अलॉयच्या किमतीपुढे चार रिंगांचा खर्च किरकोळ आहे, म्हणून आमचं मत स्पष्ट आहे: टेपर नट असले तरी रिंग टाकून घ्या.

पण रिंग सगळ्या चुका झाकत नाही. नटांच्या भोकांचं अंतर, म्हणजे पीसीडी, तंतोतंत जुळलं पाहिजे. स्विफ्टला ४ नट आणि १०० मिलिमीटर, क्रेटाला ५ नट आणि ११४.३. "थोडा फरक है, बैठ जाता" असं कोणी म्हणालं तर चाक तिथेच ठेवून उठायचं. तसंच भोक हबपेक्षा लहान निघालं म्हणून ते घासून मोठं करू देऊ नका. टायरचा आकार बदलायचा असेल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि विम्याच्या अटी आधी बघा, आणि नवे अलॉय विमा कंपनीला कळवा.

बसवताना स्वतः उभे राहा. हबवरचा गंज तारेच्या ब्रशने काढायला लावा, रिंग बसल्याचं डोळ्यांनी बघा, शेवटचं आवळणं एअर गनने नको, टॉर्क पान्याने हवं. किती आवळायचं तो आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. ८०-१०० किलोमीटर चालल्यावर नट पुन्हा तपासायचे.

आणि स्टेपनीचं लक्षात ठेवा, कारण हे कोणी सांगत नाही. स्टेपनी बहुतेक वेळा कंपनीचीच लोखंडी असते आणि तिचं भोक हबच्या मापाचं असतं. पंक्चर झाल्यावर अलॉय काढला आणि रिंग हबवरच अडकून राहिली, तर स्टेपनी रिंगवर टेकते, आत बसतच नाही. अंधारात नट आवळल्यासारखे वाटतात आणि चाक हबपासून सुटंच राहतं. म्हणून स्टेपनी लावण्याआधी मोबाईलचा टॉर्च मारून हब बघायचा, रिंग असेल तर पेचकसने हलकेच उचकटून काढायची. नव्या अलॉयचे नट वेगळे असतील तर स्टेपनीचे जुने नट पिशवीत घालून डिकीत ठेवायचे. आमच्या डिकीत ते जॅकशेजारीच असतात.